अटक पहिल्या पानावर, जामीन कुठेच नाही: आंदोलकांच्या बातम्यांवर तुमचा विश्वास उरलाय का?

दुधनाकाठ

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणाच्या बातम्या मी पहिल्या दिवसापासून वाचत आलोय. ज्यांना सगळं आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्यात दगडफेक, जाळपोळ. मग धरपकड. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा सोमनाथ उचलला गेला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ तारखेला मृत्यू.

त्या दिवशी मी जे जे पाहिलं त्यात "छातीत दुखू लागल्याने मृत्यू" असं सरळसोट विधान होतं. कोण म्हणतंय त्याचा पत्ता नाही, म्हणजे निवेदिकाच म्हणतेय. नंतर शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला शॉक हे कारण आलं. तरी नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी मारहाण झाली नसल्याचं सांगितलं, श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला, आणि मथळे पुन्हा तिकडे वळले. मार्च २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. ४ जुलैला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे ३० जुलैला ते अपील फेटाळलं गेलं.

"मीडिया विकला गेलाय" हे पालुपद मला इथे नको आहे. त्यातून काही कळत नाही. माझा प्रश्न साधा आहे: पोलिसांनी सांगितलेली गोष्ट छापताना "पोलिसांच्या म्हणण्यानुसार" एवढं का राहत नाही? आणि पोलिसांचं म्हणणं कोर्टात टिकलं नाही की तेवढ्याच मोठ्या अक्षरात ते का येत नाही?

कडूनिंब

सोमनाथचं जे झालं ते वाईटच, त्यावर दुमत नाही. पण त्याच ११ तारखेला माझ्या मेव्हण्याच्या दुकानाचं शटर तोडलं, आतलं सामान रस्त्यावर आणलं. त्याची बातमी कुठे आली? "काही दुकानांचे नुकसान", बस्स. ना त्याला कुणी विचारलं, ना नुकसान किती ते छापलं. आंदोलकांवर अन्याय होतो हे मान्य, पण ज्याचं दुकान फुटतं तो तर बातमीत नावालाही नसतो. तेव्हा अविश्वास दोन्हीकडून आहे म्हणा.

दुधनाकाठ

>>> तेव्हा अविश्वास दोन्हीकडून आहे म्हणा.

म्हणतो की. उलट तुमच्या मेव्हण्याला कुणी विचारलं असतं तर फोडणारे कोण होते, पकडले गेले तेच होते का, हे तरी कळलं असतं. तिथेही पोलिसांच्याच आकड्यावर भागवलं.

जुना_बातमीदार

मी एका जिल्हा आवृत्तीत बरीच वर्षं क्राइमच्या बातम्या केल्या. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सगळीकडे कमीअधिक तेच.

संध्याकाळी सहा-साडेसहाला पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रेसनोट पडते. त्यात नाव, वय, राहणार, कलमं आणि "सदर इसमांनी गैरकायद्याची मंडळी जमवून" ही ठरलेली भाषा. बातमीदार "सदर इसम" काढतो आणि तिथे "आंदोलक" लिहितो, कधी "जमाव", आणि घाईत असला किंवा वरून फोन आला असला तर "दंगेखोर". "पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार" आम्ही लिहितो हो. नव्वद टक्के बातमीदार लिहितात. पण ते शेवटच्या परिच्छेदात असतं, आणि जाहिरात वाढली की बातमी खालून कापतात. मथळ्यात तर ते बसतच नाही. "१५ दंगेखोर गजाआड" चार कॉलमात छान बसतं. "पोलिसांच्या मते दंगलीत सहभागी असलेल्या १५ जणांना अटक" कुठल्या उपसंपादकाला बसवता येईल, सांगा.

दुसरी बाजू कुणी घेत नाही का? पान साडेआठ-नऊला सोडायचं असतं. पकडलेल्यांचे नातेवाईक त्या वेळी पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर बसलेले असतात. जाऊन विचारलं तर बोलतात, मी बोलून पाहिलंय. पण मग ठाणे अंमलदार बघतो, साहेबांच्या कानावर जातं. आणि उद्या खुनाची, दरोड्याची माहिती त्याच पीआयकडून (पोलीस निरीक्षकाकडून) घ्यायची असते. त्याने फोन उचलणं बंद केलं की तुमचं बीट संपलं. तालुक्याचा वार्ताहर तर मानधनावर, आणि जाहिरातीचं टार्गेट त्याच्याच गळ्यात. त्यातल्या निम्म्या जाहिराती पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या. त्याने कुणाशी वाकडं घ्यायचं?

आता जामीन. अटकेनंतर कोर्टात हजर करतात तेव्हा गर्दी असते, बुरखा घातलेले आरोपी, फोटो मिळतो. पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला, ही बातमी. पीसीआर संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की आरोपी जेलमध्ये आणि विषय थंड. जामीन झाल्याची प्रेसनोट पोलीस कशाला काढतील? वकिलाने स्वतः फोन केला तर आतल्या पानावर दोन ओळी. आणि निर्दोष सुटायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर बातमीदार बदललेला असतो, त्याला मूळ प्रकरणच माहीत नसतं. यात कट वगैरे काही नाही. आळस आहे, घाई आहे आणि थोडी भीती.

शेवटचा_बाक

कट नाही हे जिल्ह्याच्या पेपरापुरतं मान्य. टीव्हीचं काय? पर्यावरण कार्यकर्ती दिशा रवीला १३ फेब्रुवारी २०२१ ला बंगळुरूहून उचललं. शेतकरी आंदोलनाच्या त्या टूलकिटवरून, म्हणजे आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा हे सांगणाऱ्या ऑनलाइन कागदावरून. वय बावीसच्या आसपास. तिचे खासगी चॅट स्क्रीनवर झळकत होते, ते काय घाईत झालं? ती दिल्ली हायकोर्टात गेली, १९ तारखेला कोर्टाने वाहिन्यांना संपादकीय नियंत्रण ठेवायला सांगितलं. २३ तारखेला जामीन देताना न्यायाधीश धर्मेंद्र राणांनी पुरावा तुटपुंजा असल्याचं लिहिलं, आणि सरकारच्या दुखावलेल्या अहंकारासाठी राजद्रोहाचं कलम वापरता येत नाही, असंही. त्याच प्रकरणात आपल्या बीडचा एक अभियंता होता, त्याला औरंगाबाद खंडपीठाने दहा दिवसांचा ट्रान्झिट जामीन दिला. तेव्हा बीडमध्ये त्याच्या घरासमोर ओबी व्हॅन लागल्या होत्या. नंतर कुणी फिरकलं का?

अबोली

घरातलंच सांगते. माझा भाचा कॉलेजात असताना एका मोर्चात होता. रस्ता रोको, मग लाठीमार, मग सगळ्यांना गाडीत कोंबलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात नाव, वय, गाव, कॉलेज सगळं छापून आलं. वर लाल पट्टी. ३५३ लावलेलं होतं, म्हणजे पोलिसाच्या अंगावर गेला असा अर्थ. हा मुलगा साधं भांडण करत नाही हो.

पुढे त्याची केस निघाली, तो सुटला. एक ओळ नाही छापली. पेपर विसरला, पण कात्रण कुणीतरी फोटो काढून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुलीकडच्यांशी बोलणी पक्की होत आली होती. मुलीच्या काकांनी मोबाईल काढून तोच फोटो दाखवला. "हे काय आहे, आम्हाला कळायला नको?" माझी बहीण सांगत राहिली, तो सुटलाय. ते म्हणाले, मग तसं छापून आलं असेल ना, ते दाखवा.

कडूनिंब

अबोलीताई, हे वाईट झालं.

रोजनामा

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याच्या अंगाने लिहितो. लांबण लागेल.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात २३. म्हणजे जी गोष्ट न्यायाधीशही वाचणार नाही, ती "चौकशीत दिली कबुली" म्हणून लाखो लोक सकाळी चहाबरोबर वाचतात. कायदा करणाऱ्यांना पोलिसांवर तेवढा भरवसा नव्हता, पेपरांना मात्र आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं. एल्गार परिषद प्रकरणात २८ ऑगस्ट २०१८ ला पाच जणांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी सुप्रीम कोर्टाने त्यांना घरातच नजरकैदेत ठेवायला सांगितलं. प्रकरण कोर्टापुढे असताना ३१ तारखेला अतिरिक्त महासंचालक परमबीर सिंह यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन जप्त केलेली म्हणून पत्रं वाचून दाखवली. ३ सप्टेंबरला मुंबई हायकोर्टाने विचारलं, प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कसं केलं? पण तोवर पत्रं घराघरांत पोचली होती.

त्याआधीच, जुलैमध्ये, त्या पाचांतल्या सुधा भारद्वाज यांचं म्हणून एक पत्र एका वाहिनीवर दाखवलं गेलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या २८ सप्टेंबरच्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी वेगळं मत दिलं (दोन विरुद्ध एक, बहुमत दुसऱ्या बाजूला होतं हे विसरू नका). त्यात त्यांनी नोंदवलंय की बचाव पक्षाने त्या पत्रातल्या सतरा जागा दाखवल्या, जिथे देवनागरीत, मराठी वळणाचे शब्द आहेत. भारद्वाज मराठी भाषक नाहीत, त्या असं पत्र लिहितील कशा, असा युक्तिवाद. खरं-खोटं खटल्यात ठरेल. पण मराठी माणसांनी भरलेल्या न्यूजरूममध्येही ही शंका कुणाला आली नाही? आली असेल तर विचारली का नाही?

जुना_बातमीदार

आली होती. विचारली नाही. रोजनामा यांच्या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं उत्तर एवढंच.

सातासमुद्रापार

लेस्टरहून लिहितोय. इथे १९८१ चा न्यायालय अवमान कायदा आहे. अटक झाली की प्रकरण "सक्रिय" धरतात. त्यानंतर ज्युरीवर गंभीर परिणाम होईल असं काही छापलं तर हेतू काय होता हे विचारतच नाहीत, थेट अवमान. २०११ मध्ये ब्रिस्टॉलच्या एका खून प्रकरणात संशयित घरमालकाबद्दल वाटेल ते छापल्याबद्दल डेली मिररला ५० हजार पौंड आणि सनला १८ हजार पौंड दंड झाला. तो माणूस निर्दोष होता. अटकेच्या दुसऱ्या दिवशी इथले पेपर बघा, एकदम कोरडी भाषा. आपल्याकडे का नाही होत हे?

रोजनामा

आपल्याकडे ज्युरी नाही, त्यामुळे "न्यायाधीश काही पेपर वाचून निकाल देत नाहीत" ही पळवाट तयार असते. तरीही १८ जानेवारी २०२१ ला मुंबई हायकोर्टाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनावर मोठा निकाल दिलाय. मीडिया ट्रायलने न्यायात ढवळाढवळ होते असं स्पष्ट म्हटलंय, काय दाखवू नये त्याची यादीही दिलीय. त्यावरच्या अपिलात सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये विचारलं की वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेचा जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये, त्याने कुणाला काय फरक पडणार? त्याच वर्षी सप्टेंबरात पोलिसांनी माध्यमांशी कसं बोलावं याची नियमावली तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. तुम्हाला तुमच्या जिल्ह्याच्या प्रेसनोटमध्ये काही बदल दिसला का? मला नाही दिसला.

एक चांगलं सांगतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावला सीएएविरोधात धरणं धरायला परवानगी नाकारली होती. १३ फेब्रुवारी २०२० ला औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं लिहिलं. दिल्लीत त्या वेळी टीव्हीवर काय चाललं होतं आठवा, आणि मग हे वाचा.

पिकलंपान

मंडळी, आम्ही पोरं होतो तेव्हाची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईतली बडी पत्रं चळवळीला गुंडगिरी म्हणत. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, तरी दोष जमावाचा. अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला दैनिक "मराठा" काढला तो यातूनच. आमचे वडील दुसरा पेपर घरात येऊ देत नसत. आता तो काय निःपक्षपाती होता असं नाही. भडक होता, शिवराळ होता. पण कुणाचा आहे हे उघड होतं.

परवा नातू सांगत होता, सिंघू सीमेवरच्या शेतकऱ्यांनीही डिसेंबर २०२० मध्ये "ट्रॉली टाइम्स" नावाचा आपला पेपर काढला होता. पंजाबी आणि हिंदीत. वाहिन्यांचे माईक दिसले की लोक "गोदी मीडिया" म्हणून घोषणा देत. म्हणजे सत्तर वर्षांत फार पुढे आलोय असं नाही.

शेवटचा_बाक

काका, पण त्यांनाही खोटं पाडलंच गेलं ना. खलिस्तानी म्हटलं. २०२१ च्या नोव्हेंबरात त्या स्वनियमन संस्थेने एका मोठ्या हिंदी वाहिनीला शेतकरी आंदोलनाचे तीन व्हिडिओ काढून टाकायला सांगितले. त्याच महिन्यात कायदेही मागे घेतले. व्हिडिओ बघितलेल्यांपैकी किती जणांपर्यंत ते काढायला लावल्याची बातमी गेली?

कडूनिंब

पिकलंपान, आदर ठेवून वेगळं मत. आपापले पेपर, आपापले यूट्यूब चॅनेल, हा उपाय नाही हो. परभणीत त्या आठवड्यात मोबाईलवर काय काय फिरत होतं ते मी पाहिलंय. एका बाजूचे चॅनेल दगडफेक झालीच नाही म्हणत होते, दुसऱ्या बाजूचे सगळी वस्तीच दंगलखोर ठरवत होते. पेपरावरचा विश्वास उडाला की लोक काही शहाणे होत नाहीत, चुलत भावाच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवतात. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या अहवालात भारतात बातम्यांवर विश्वास ठेवणारे ३८ टक्के होते. तेही इंग्रजी जाणणाऱ्या, ऑनलाइन लोकांत. बाकीच्यांना त्यात विचारलेलं नाही.

दुधनाकाठ

हे पटलं. म्हणूनच मी म्हणतोय की पेपर बंद करणं हा उपाय नाही, त्याला तेवढे दोन शब्द लिहायला लावणं हा आहे.

जुना_बातमीदार, एक सांगा. वाचकाने फोन केला, पत्र लिहिलं तर डेस्कवर काही हलतं का?

जुना_बातमीदार

खरं सांगू? एका फोनने नाही. चार फोन आले, त्यात एक वितरकाचा असला, की हलतं. "तुमच्या पेपरने आमच्या गल्लीतल्या पोराला दंगेखोर लिहिलं, गल्लीत पेपर बंद करतोय" असं एजंटने कळवलं की दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या बापाची मुलाखत येते. बघितलंय मी.

अजून एक गोष्ट, जी फार कुणी बघत नाही. पकडलेल्यांची संख्या आणि एफआयआरमधली नावं. एफआयआरमध्ये पाच नावं असतात आणि पुढे "व इतर अनोळखी २०० ते ३०० इसम". ही रिकामी जागा असते. पुढचे दोन महिने त्यात कुणालाही बसवता येतं. पेपरात मात्र "तीनशे जणांवर गुन्हा" असं छापतात, जणू तीनशे लोक ओळखू आलेत. आंदोलनाची बातमी वाचताना हा आकडा दिसला की नावं किती ते विचारायचं.

शेवटचा_बाक

आरेचं आठवलं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक करून थेट न्यायालयीन कोठडी. त्यात विद्यार्थी होते. ६ ला जामीन झाला, ७ ला सुप्रीम कोर्टाने आणखी झाडं तोडू नका म्हटलं. तोपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. मुंबईतले विद्यार्थी, म्हणून बातम्या त्या मानाने बऱ्या आल्या असं मला वाटतं. परभणीच्या वस्तीतल्या पोरांना ते कुठलं. १ डिसेंबरला उद्धव ठाकरेंनी गुन्हे मागे घेतल्याची घोषणाही केली.

रोजनामा

"गुन्हे मागे घेतले" हे आणखी एक. घोषणेच्या दिवशी पहिलं पान, आणि वाचकाला वाटतं झालं सगळं. तसं नसतं. राजकीय-सामाजिक आंदोलनाचे खटले मागे घेण्यासाठी सरकार जीआर काढतं, त्यात जीवितहानी झालेली नसावी आणि नुकसान पाच लाखांच्या आत असावं अशा अटी असतात. मग समिती, मग सरकारी वकिलाचा अर्ज, आणि त्याला कोर्टाची संमती. हे सगळं होईपर्यंत पोरगा तारखांना जातोच. घोषणेनंतर कित्येक वर्षांनी समन्स घेऊन माझ्याकडे आलेले लोक आहेत. "साहेब, पेपरात तर आलं होतं मागे घेतले म्हणून." कात्रण काढून दाखवतात.

ज्यांना स्वतः तपासायचंय त्यांच्यासाठी: सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचा असतो, संवेदनशील गुन्हे सोडून. दंगलीची प्रकरणं संवेदनशील म्हणून वगळतात असा अनुभव आहे, पण साध्या मोर्चाचे मिळतात. खटला सुरू झाला की ई-कोर्ट्सच्या साइटवर सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा क्रमांक) टाका, तारखा आणि आदेश दिसतात.

अबोली

रोजनामा, भाच्याच्या वेळच्या त्या बातमीबद्दल आता काही करता येईल का? प्रेस कौन्सिलकडे तक्रार वगैरे?

रोजनामा

आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं, आणि दैनिकाच्या बाबतीत छापून आल्यापासून दोन महिन्यांत कौन्सिलकडे जायचं असतं. कौन्सिल फार तर ताशेरे ओढतं, दंड करू शकत नाही. तुमची मुदत कधीच गेली. संपादकाला मात्र आजही लिहा, निकालाची प्रत जोडून. ऑनलाइन आवृत्तीत जुनी बातमी असेल तर तिच्याखाली निकालाची ओळ टाका असं मागा. काही जण टाकतात.

जुना_बातमीदार

पत्र संपादकाच्या नावाने टाका, पण प्रत जिल्हा प्रतिनिधीला हातात द्या. संपादकांचं टपाल आठवडाभर पडून असतं.

अबोली

निकालाची प्रत बहिणीकडे नाहीये, वकिलांकडेच राहिली, ते आता वारले.

रोजनामा

ज्या कोर्टात केस होती तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा. केस नंबर नसेल तर आरोपीचं नाव आणि साल चालतं, जरा शोधावं लागेल. प्रमाणित प्रत दोन-तीन काढा. एक संपादकाला, एक भाच्याच्या फाइलला. नोकरीसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागली तर तिथेही तीच उपयोगी पडेल.